फोन बहिणीच्या हातून काढून घ्या

पत्र: "माझे लग्न दीड महिन्यावर आले असताना मला नोकरीत चार महिन्यांच्या निवासी प्रशिक्षणाची संधी मिळाली आणि आम्ही दोघांनी, दोन्ही घरांच्या संमतीने, लग्न पाच महिने पुढे नेले. नवी तारीख ठरली आहे. हॉलवाल्यांनी तारीख विनातक्रार बदलून दिली. पण केटरर नवा दर लावणार म्हणतो, डेकोरेशनवाले तारीख बदलण्याचे वेगळे पैसे मागतात आणि फोटोग्राफर तर घेतलेला ॲडव्हान्स, म्हणजे ठरलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग, परत मिळणार नाही आणि नव्या तारखेत धरणारही नाही, असे सांगतो. गेले १८ दिवस हेच चालू आहे. सगळ्यांशी माझी धाकटी बहीण बोलते आहे, कारण बुकिंग तिनेच केले होते आणि पैसेही तिच्याच कार्डावरून गेले आहेत, पण ते आम्ही घरात बघून घेऊ. लग्न रद्द झालेले नाही, फक्त पुढे गेले आहे. मग या लोकांना पैसे कापण्याचा अधिकार काय? बँकेकडे तक्रार करून कार्डावरची रक्कम परत मागवता येईल का?"

तुमच्या पत्रातला सगळा राग फोटोग्राफरच्या वाट्याला गेला आहे आणि बहिणीच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, तेही "घरात बघून घेऊ" हे शेपूट लावून. मी त्या वाक्याच्या पुढे बराच वेळ सरकू शकले नाही. लग्न तुमचे, प्रशिक्षण तुमचे, तारीख बदलण्याचा निर्णय तुमचा. आणि करारावर नाव, कार्डावर बोजा व कानावर पडणारी बोलणी मात्र धाकटीची.

हा केवळ मायेचा प्रश्न आहे असे समजून पुढे जाऊ नका, कारण तुमचे पैसे अडकले आहेत तेही याच गाठीत. ज्याने बुकिंग केले आणि सही केली, व्यवहार त्याच्याशी झाला, असेच कोणताही व्यावसायिक धरून चालतो. उद्या वाद वाढला तर नोटीस तुमच्या नावाने निघणार नाही, तिच्या नावाने निघेल. आणि ज्या मुलीवर एवढी जबाबदारी आहे, तिला अधिकार कसलाच नाही. केटररने "पाहुण्यांची संख्या थोडी वाढवलीत तर जुना दर ठेवतो" असे म्हटले, तर ती बिचारी काय उत्तर देणार? "ताईला विचारून सांगते." निरोप्याला सवलत कोणी देत नाही, कारण तो बदल्यात काही देऊ शकत नाही; त्याच्यासमोर लोक सर्वांत कडक अट सांगून मोकळे होतात. तुम्हाला १८ दिवसांत फक्त कडक अटी ऐकू आल्या आहेत, यात मला नवल वाटत नाही.

हे १८ दिवस तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण या सगळ्या प्रकरणात खरे नुकसान त्यांनीच केले आहे. फोटोग्राफर जे विकतो ते मुळात एका दिवसाचे त्याचे अस्तित्व असते. तो दिवस त्याला एकदाच विकता येतो, आणि तुमच्यासाठी राखून ठेवला तेव्हा त्याने दुसऱ्या कोणाला तरी नकार दिलेला असू शकतो. तुम्ही दीड महिना आधी तो दिवस स्पष्टपणे मोकळा करून दिला असता, तर नवे काम मिळण्याची आशा त्याला होती. आता जेमतेम चार आठवडे उरले आहेत आणि अजूनही त्याला तुमच्याकडून एक निश्चित वाक्य मिळालेले नाही. केटररची गोष्ट वेगळी आहे. त्याने दीड महिना आधी भाजी विकत घेतलेली नसते, त्यामुळे त्याला ॲडव्हान्स कापण्याचे सबळ कारण नाही, मात्र पाच महिन्यांनंतरच्या बाजारभावाने दर ठरवण्याचे आहे. डेकोरेशनवाल्यांचे नुकसान त्यांनी सामान मागवले आहे की नाही, यावर अवलंबून आहे. तिघांनाही "फक्त पुढे गेले आहे" हे एकच पालुपद ऐकवून चालणार नाही.

त्या पालुपदाविषयीही बोलायला हवे. पुढे ढकलणे आणि रद्द करणे यांत तुम्हाला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. ज्याचा तो दिवस रिकामा जाणार आहे, त्याला तो फारसा दिसत नाही. २०२० साली महामारीमुळे लग्ने थांबली तेव्हा अनेकांनी तारखा फुकट बदलून दिल्या आणि तेव्हापासून तो आपला हक्कच आहे, असे पुष्कळांना वाटू लागले आहे. तेव्हा समारंभ करणेच दोन्ही बाजूंच्या हाताबाहेर गेले होते. तुमचे कारण चांगले आहे, अभिनंदनही करते, पण ते तुम्ही निवडलेले आहे. इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी व्हायचा होता आणि दोनच दिवस आधी त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागल्याने तो ९ ऑगस्टपर्यंत लांबला. मिरवणूक पाहण्यासाठी एका गृहस्थाने खोल्या ७५ पौंडांना ठरवून २५ पौंड आधी दिले होते. उरलेले ५० पौंड देणे लागत नाही, असे न्यायालयाने १९०३ मध्ये ठरवले. पण दिलेल्या २५ पौंडांवरचा दावा त्याने स्वतःच सोडून दिला. प्रत्यक्ष राजा आजारी पडला तेव्हा ही गत, आणि योगायोगाने प्रमाणही तुमच्या फोटोग्राफरइतकेच, एक तृतीयांश.

बँकेकडे तक्रार मुळीच करू नका. ती तक्रार "सेवा मिळाली नाही" अशा स्वरूपाची होईल, आणि सेवा तर तुम्हीच पुढे ढकलली आहे. शिवाय कार्ड बहिणीचे असल्यामुळे ते खोटे विधान तिला करावे लागेल. हे तुमच्या लक्षात आले नसेल असे मी धरते.

आता तुम्ही करायचे ते एवढेच: फोन स्वतःच्या हातात घ्या, आणि आजच घ्या. त्याआधी बहिणीच्या कार्डावरून गेलेली सगळी रक्कम तिला द्या. कोणाकडून किती परत मिळते याची वाट पाहू नका, कारण तो हिशेब तुमचा आहे, तिचा नाही. मग तिने तिघांना एकच लेखी निरोप पाठवावा की यापुढे सर्व निर्णय व देणी माझ्या बहिणीकडे राहतील. त्यानंतर पहिला फोन फोटोग्राफरला करा, कारण त्याचा वेळ सर्वांत वेगाने संपतो आहे. आधी विचारा, नव्या तारखेला तो मोकळा आहे का. हा प्रश्न अजून कोणी विचारलेला दिसत नाही. मोकळा असेल तर जुना दिवस त्याच क्षणी सोडल्याचे सांगा आणि मागणी एवढीच करा की त्या दिवसाचे दुसरे काम मिळाले तर ॲडव्हान्स नव्या तारखेत पूर्ण धरावा, नाही मिळाले तर त्यातला काही भाग तुम्ही सोडाल. किती सोडायचा तो आकडा फोन लावण्यापूर्वी मनाशी ठरवा. केटररला नवा दर मान्य करा, पण ॲडव्हान्स एक पैसाही कमी न होता पुढे धरला जाईल, हे लिहून घ्या. डेकोरेशनवाल्यांना, तारीख बदलण्याच्या पैशांत नेमके कोणते काम येते, हे विचारा. हॉल तोच, आराखडा तोच आणि सामान अजून मागवलेले नाही, असे निघाले तर ती मागणी बरीच खाली येईल. तिघांशीही जे ठरेल ते, नवी तारीख, जमा रक्कम, बाकी आणि पुन्हा तारीख बदलल्यास काय, एवढ्या गोष्टींसह तुमच्या सहीने कागदावर येऊ द्या. जुन्या करारात रद्द करण्याची अट असेल आणि पुढे ढकलण्याविषयी काहीच लिहिलेले नसेल, तर हा नवा कागदच तुमचा आधार ठरेल.

आणि हे फोन करताना बहिणीला शेजारी बसवू नका. तिला त्या संध्याकाळी मैत्रिणींकडे जाऊ द्या.