गेम कंपन्या लाँचआधी एवढा गाजावाजा करतात आणि नंतर गप्प का बसतात?

कारण ट्रेलर बनवतं मार्केटिंग, तारीख ठरवतात वरचे लोक आणि गेम बनवणाऱ्यांना विचारतंय कोण. सायबरपंक २०७७ या गेमचंच बघा ना, तीनदा पुढे ढकलून डिसेंबर २०२० मध्ये आला आणि जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता की आठवड्याभरात सोनीने आपल्या प्लेस्टेशन कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला, रिफंड द्यावे लागले. आणि लाँचआधी रिव्ह्यूसाठी फक्त पीसी व्हर्जन दिलेलं, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

नो मॅन्स स्काय हा गेम बनवणारे पण २०१६ च्या लाँचनंतर गप्पच झालेले, काम चालू होतं पण नीट मल्टिप्लेअर (म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळणं) यायला २०१८ उजाडलं. बग्स चालतात हो, पण दोन ओळींचं अपडेट टाकायला काय जातं? प्री-ऑर्डर करूच नका, आधी तुमच्याकडच्याच मशीनवरचा गेमप्ले बघा.