ओढ्यावर जाणारी वाट

ताई, मी ५२ वर्षांची आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आम्ही पाचगणीच्या पायथ्याशी राहायला आलो. पुण्यात पाच वर्षे रिंगणात घोडेस्वारी शिकले होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून एक मारवाडी घोडी घेतली. शेजाऱ्यांच्या घोड्याबरोबर ती कुठेही जाते. एकटीला बाहेर काढले की मात्र स्ट्रॉबेरीच्या प्लॉटजवळच्या वळणावर बुजते आणि मागे फिरते. वळणाच्या पुढे लगेच ओढा आहे, पण तिथपर्यंतही आम्ही कधी पोचत नाही. गेल्या फेब्रुवारीत वाफ्यांवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाच्या, फडफडीने ती उधळली, मी पडले आणि मनगट मोडले. पशुवैद्यांनी तिचे दात, पाठ आणि खूर तपासले, खोगीरही पाहिले. दोष कशातच नाही. मनगट बरे झाले, पण आता रिकिबीत पाय ठेवला तरी माझे हात गार पडतात. दहा महिने घोडी तबेल्यात उभी आहे. घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची आई रोज संध्याकाळी तिला ओढ्यावर पाण्याला नेऊन आणते, तेवढेच तिचे चालणे. यजमान म्हणतात, विकून टाक. ओळखीचे एक अनुभवी स्वार म्हणतात, तिच्या तोंडात कडक लोखंडी कडियाळे घाल आणि टाच मारून त्या वळणावरून काढ. एकटीने रपेट करण्याचा माझा आत्मविश्वास परत कसा येईल?

तुमच्या पत्रातल्या मोडलेल्या मनगटापाशी मी थांबले नाही. मी थांबले ती मोतद्दाराच्या आईपाशी. त्यांना तुम्ही अवघे एक वाक्य दिले आहे, आणि तेही घोडीला पुरेसे चालणे मिळत नाही हे सांगण्यासाठी. ते वाक्य तुम्ही स्वतः पुन्हा एकदा वाचावे, अशी माझी विनंती आहे. ओढा वळणाच्या पुढे आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे जी घोडी एकटी त्या वळणापुढे पाऊल टाकत नाही असे तुम्ही मला सांगता, तीच घोडी रोज संध्याकाळी, सोबतीला दुसरे घोडे नसताना, एका वयस्क बाईंच्या हातातल्या दोराने तेच वळण जाताना एकदा आणि येताना एकदा ओलांडते. दहा महिन्यांत तिने ते सहाशे वेळा ओलांडले असेल. फडफडणारा प्लास्टिकचा कागद तोच, वाट तीच आणि एकटेपणही तेच आहे. मग बदलते काय, हा प्रश्न दहा महिन्यांत तुमच्या मनात एकदाही आला नाही, याचे मला वाईट वाटते आणि थोडा रागही येतो.

घोडे हा पळून जगलेला प्राणी आहे. कपाळासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर त्याला जवळजवळ चहूबाजूचे दिसते, आणि तुमच्या मारवाडी घोडीचे ते आत वळून टोकाला टोक भिडू पाहणारे कान कुठल्याही दिशेचा आवाज टिपायला फिरतात. पण दिसलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टीला भ्यायचे की नाही, हे ते एकट्याने ठरवत नाही. सोबतच्या जिवाकडून ते त्याचे उत्तर घेते. शेजाऱ्यांचे घोडे शांत असते, म्हणून त्याच्याबरोबर ती शांत राहते. त्या बाई शांत असतात, म्हणून ओढ्याच्या वाटेवर ती शांत राहते. तुम्ही मात्र वळणाच्या शंभर पावले आधीच गुडघे आवळता, लगाम आखडून घेता, पुढे झुकता आणि श्वास रोखून धरता. हे तुम्ही लिहिलेले नाही, पण पडून आलेला प्रत्येक स्वार हेच करतो, आणि तुम्ही निराळे करत असाल असे मानायला मला काही कारण दिसत नाही. ज्या कातडीला माशी बसलेली कळते, तिला तुमचे आवळलेले गुडघे कळणार नाहीत का? पुढे काहीतरी भयंकर आहे, ही बातमी घोडीला प्लास्टिकच्या आधी तुमच्याकडून पोचते.

स्वीडनमधला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला, तो तुम्हाला सांगण्यासारखा आहे. काही माणसांना घोडा घेऊन, कधी दोर धरून तर कधी त्याच्यावर बसून, तेच ठरावीक अंतर चार वेळा जायला सांगितले होते. शेवटच्या खेपेआधी त्यांना सांगण्यात आले की या वेळी घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. छत्री मात्र कोणीच उघडली नाही. तुमच्या वळणावर गेले दहा महिने ही न उघडलेली छत्रीच उभी आहे.

कडक कडियाळ्याचा सल्ला मी साफ नाकारते. ज्या जागी घोडी आधीच साशंक आहे, नेमक्या त्याच जागी तिच्या तोंडाला वेदना दिलीत तर तिची शंका तुम्ही खरी करून दाखवाल, आणि पुढच्या खेपेला ती वळणाच्या बरीच आधी उधळेल. विकण्याचा विचार तर आजच बाजूला ठेवा, कारण या घोडीत विकण्यासारखा कोणताही दोष तुम्ही मला दाखवलेला नाही.

तुम्ही एकच गोष्ट करायची आहे. उद्यापासून एक महिना खोगिराला हात लावू नका आणि रोज संध्याकाळी त्या बाईंबरोबर पायी ओढ्यावर जा. पहिले आठ दिवस दोर त्यांच्याच हातात असू द्या आणि तुम्ही फक्त पाहा: त्या बाई घोडीच्या खांद्याच्या रेषेत चालतात की पुढे, घोडीने कान टवकारले की थांबतात की चालत राहतात, दोर किती सैल सोडतात, आणि चालताना तिच्याशी काही बोलतात का. बोलत असतील तर तिकडे विशेष लक्ष द्या, कारण बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही. त्यानंतर दोर तुम्ही घ्या आणि त्यांना शेजारी चालू द्या, आणि शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोघीच जा, तुम्ही आणि घोडी. त्या प्रयोगात भीती दोरातूनही पोचली होती, हे खरे आहे, आणि म्हणून दोर हाती आला की सगळे आपोआप होईल असे मी म्हणत नाही. पण तुमची भीती पडण्याची आहे, आणि पाय जमिनीवर असताना पडायला उंचीच नसते. तुमच्या शरीराला त्या वळणाची एक निराळी आठवण हवी आहे, ज्यात काहीही घडले नाही अशी, आणि ती एकदा नव्हे, तीस वेळा हवी आहे.

महिन्यानंतर खोगीर चढवा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, नीट पाहून घ्या आणि तरीही पायीच जा. मग एखाद्या संध्याकाळी वळणाच्या अलीकडे, जिथे घोडी मान खाली सोडून चालते तिथे, वर बसा, पन्नास पावले जा आणि पुन्हा खाली उतरा. उतरताना तुम्हाला कमीपणा वाटेल, कारण पायउतार होणे हे शब्द आपण सत्ता गमावलेल्या माणसासाठी वापरतो आणि स्वाराच्या मनातही ते तसेच रुतून बसलेले असतात. माथेरानला मोटारींना बंदी आहे आणि तिथले घोडेवाले वर्षानुवर्षे लगाम धरून घोड्याच्या बाजूने त्या लाल मातीच्या वाटा चालत आले आहेत. घोडे त्यांचे ऐकते, पण घोडेवाले वर बसले आहेत म्हणून नव्हे. छातीत धडधड सुरू झाली की खुशाल उतरा, दहा पावले तिच्याबरोबर चाला, आणि जमले तर पुन्हा बसा. वळण बसून ओलांडायला तुम्हाला दोन महिने लागतील की सहा, हे मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही तारीख ठरवू नका.

पायी जातानाही हेल्मेट आणि बंद बूट घाला, फोन खिशात ठेवा, आणि दोर कधीही हाताला गुंडाळू नका, कारण घोडी उधळलीच तर तो सोडता आला पाहिजे. तुमचे मनगट एकदा मोडले आहे, आणि ते पुन्हा मोडलेले मला नको आहे.

तुमच्या पत्रात घोडीच्या जातीपासून तिच्या दातांपर्यंत सगळे आहे, पण त्या बाईंचे नाव नाही. उद्या पाच वाजता तबेल्यात जाल तेव्हा ते विचारा, आणि मग त्यांना हेही विचारा, की मी तुमच्याबरोबर ओढ्यापर्यंत आले तर चालेल का.