डॉक्टर मुलाने आईवर स्वतःच उपचार करणं योग्य आहे का?

भाऊ डॉक्टर आहे, आईच्या बीपीच्या गोळ्या तोच ठरवतो, आई दुसऱ्या कुणाकडे जायला तयार नाही. यात काही गैर आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः डॉक्टर आहे. सर्दी-तापाला त्याने गोळी दिली तर माझी हरकत नाही. पण वर्षानुवर्षं चालणारं दुखणं त्याने स्वतःच्या हातात ठेवू नये.

त्याला कळत नाही म्हणून नव्हे. घरी तपासणीच होत नाही म्हणून. आई जाता जाता म्हणते, "पाय जरा सुजल्यासारखे वाटतात रे." तोही मोबाईलवरून मान वर न करता म्हणतो, "गोळीमुळे असेल, बदलून देतो." असेलही, ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याशी सूज येऊ शकते. पण हृदय किंवा किडनी बिघडली तरी येते. अनोळखी पेशंट असता तर त्याने बोटाने दाबून खड्डा पडतो का पाहिलं असतं, छातीला स्टेथोस्कोप लावला असता, किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करायला सांगितलं असतं आणि हे सगळं केसपेपरवर लिहिलं असतं. आईचा केसपेपरच नसतो. उद्या रात्री तिला ॲडमिट करावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरला काय सांगणार?

शिवाय आई तरी मुलाला सगळं कुठे सांगते! लघवीची तक्रार, मनाने बंद केलेली गोळी, सगळं झाकून ठेवते. आणि आईला काही गंभीर असेल हा विचार मुलालाही नकोसाच असतो.

अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल, दोघांचाही सल्ला असाच आहे: शक्यतो स्वतःवर आणि जवळच्या माणसांवर उपचार टाळा. तातडीची वेळ असेल, दुसरा डॉक्टरच नसेल, तर गोष्ट वेगळी. १९६१ मध्ये अंटार्क्टिकावर लिओनिद रोगोझोव्ह या सोव्हिएत डॉक्टरने स्वतःचंच अपेंडिक्स काढलं, कारण तळावर दुसरा डॉक्टर नव्हता. तुमच्या भावाची अशी काही अडचण दिसत नाही. (स्वतःलाच झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या लिहून देणं तर मला सरळ धोक्याचं वाटतं. सवय लागली तरी टोकणारं कुणी नसतं.)

आई ऐकत नसेल तर भावालाच पुढे करा. "माझ्या ओळखीचे आहेत, मी सोबत येतो," असं त्याने म्हटलं की ती बहुतेक जाईल. तिथे त्याने जुने रिपोर्ट द्यावेत, शंका विचाराव्यात, पण गोळी मात्र त्या डॉक्टरला ठरवू द्यावी. घरी आल्यावर ती परस्पर बदलायची नाही, हेही आधीच बजावून ठेवा.