योहान २१ नीट समजायला ग्रीक शिकावंच लागतं का?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात येशू पेत्र या शिष्याला तीनदा विचारतो, "माझ्यावर प्रीती करतोस का?" नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे, आणि तिथे प्रेमाला दोन शब्द आहेत. तुमच्या अभ्यासगटात सांगतात की येशू पेत्राला 'अगापे'बद्दल विचारतो आणि पेत्र 'फिलेओ'वरच अडतो, हे मराठीतून कळत नाही, म्हणून ग्रीक हवंच. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. याच अगापे-फिलेओने माझ्या आईला रडवलं आहे.

आम्ही मिरजेचे. पप्पांना जाऊन महिना झाला होता. घरी प्रार्थनासभा ठेवली, बाहेरगावचे एक वक्ते संदेश द्यायला आले. त्यांनी योहान २१:१५-१७ घेतलं. अगापे म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम, फिलेओ म्हणजे माणसामाणसांतली माया, खालच्या पायरीची. पेत्राला वरची पायरी चढता येईना, म्हणून तिसऱ्या वेळी प्रभूच खाली उतरला, फिलेओ म्हणाला. मग बसलेल्यांकडे बघत म्हणाले, नवरा-बायको, आई-मुलं, आपलं सगळं फिलेओच. सभा संपली, माणसं गेली. आई मोरीत कपबश्या विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मी ह्यांचं केलं ते हलकंच का रे?"

अकरा महिने पप्पा अंथरुणाला खिळून होते. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चमच्या-चमच्याने पेज भरवायची, सगळं तिनेच केलं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

त्या रागातच ग्रीक शिकलो. सांगलीत एक निवृत्त पाळकसाहेब होते, आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो. नीट वाचता येण्यातच वर्ष गेलं. एके दिवशी त्यांनी दोन वचनं शेजारी-शेजारी वाचायला लावली. योहान ३:३५, पिता पुत्रावर प्रीती करतो, क्रियापद अगापाओ, म्हणजे अगापेचंच क्रियापद. योहान ५:२०, तोच पिता, तोच पुत्र, क्रियापद फिलेओ. येशूचा आवडता शिष्य १३:२३ मध्ये अगापाओ, २०:२ मध्ये फिलेओ. ३:१९ मध्ये माणसांना अंधार प्रिय वाटला, तिथेही अगापाओच. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात २ शमुवेल १३ काढा: दाविदाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारेवर बळजबरी करतो, त्याच्या त्या ओढीलाही हाच शब्द. मग पायऱ्या राहिल्या कुठे? पेत्राच्या त्याच तीन वचनांत 'कोकरं'ची 'मेंढरं' होतात, 'चार'चं 'पाळ' होतं. शब्द पालटून बोलायची योहानाची ढबच आहे. पेत्राला वाईट वाटलं ते तिसऱ्यांदा विचारलं म्हणून, असं १७व्या वचनात स्वच्छ लिहिलंय.

वही घेऊन त्या वक्त्यांना भेटलो. "पुस्तकी ज्ञानाने आत्मा मिळत नाही," म्हणाले आणि विषय बंद केला. ग्रीक आमच्या घरात आणलं होतं त्यांनीच. हे मला अजून सलतं.

ग्रीकचा खरा उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी झाला. २१:९ मध्ये किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासळी. ग्रीक शब्द आन्थ्राकिआ. अख्ख्या नव्या करारात हा शब्द दोनदाच येतो. दुसरी जागा १८:१८, महायाजकाच्या वाड्यातलं अंगण, थंडीत शेकत उभा राहून पेत्र "मी त्याचा नव्हे" म्हणतो ती. तिथे तीनदा नाकारलं, इथे तीनदा विचारलं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. तिची निम्मी हयात कोळशाच्या शेगडीपुढे गेलेली. हात थांबले तिचे. म्हणाली, "मग वासानेच आठवलं असेल त्याला." इतका अभ्यास करून मला वास सुचला नव्हता.

तेव्हा शिकायचं तर जरूर शिका. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या भाषेला मी कमी कसं लेखू? पण मोबाइलवर स्ट्राँगचा नंबर (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला स्ट्राँगच्या शब्दसूचीत दिलेला क्रमांक) दाबून, २५ म्हणजे अगापाओ, ५३६८ म्हणजे फिलेओ, एवढ्यावर संदेश देऊ नये. नंबरापुढे अर्थांची यादी असते. शब्दाचा अर्थ तो वाक्यात कसा येतो त्यावरून ठरतो. आधी लिपी, मग योहानाचं पहिलं पत्र, त्याची भाषा सोपी आहे.

एक सांगायचं राहिलं. या दोन शब्दांत फरक मानणारे मोठे अभ्यासक आहेत, मी म्हणतो तेच अंतिम नव्हे. पण एकोणिसाव्या शतकातले ट्रेंच आणि वेस्टकॉट बघा. दोघांनाही ग्रीक उत्तम येत होतं, दोघेही फरक मानायचे. ट्रेंचच्या मते इथे अगापाओ थंड आणि फिलेओ जिव्हाळ्याचा, वेस्टकॉटच्या मते अगापाओ वरचा. अगदी उलट. आणि येशू-पेत्राचं ते बोलणं बहुधा अरामीत, त्यांच्या बोलीभाषेत झालं असणार, म्हणजे हे ग्रीक शब्द त्यांच्या तोंडचे नसणार, हेही धरा.

पुढच्या बैठकीत गट चालवणाऱ्यांना ३:३५ आणि ५:२० मोठ्याने वाचायला सांगा, आणि पिता पुत्रावर कुठल्या पायरीचं प्रेम करतो ते विचारा. गटात कुणी आजाऱ्याचं करून थकलेलं असेल, तर त्यांच्यासमोरच विचारा.