पंगसला खाद्य किती वेळा द्यावे?

आपल्या शेततळ्यातील २००० पंगस सरासरी २५० ग्रॅमचे झाले असून चार वेळा खाद्य देऊनही वाढ मंद आहे, मासेही लहान-मोठे होत आहेत, तेव्हा पाचवी वेळ वाढवावी का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: वेळ वाढवू नका, चार वेळांच्या दोन करा.

बोटुकलीचे, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाचे, पोट लहान असते, म्हणून तिला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे लागते. या वजनाचा मासा मात्र एका वेळी बरेच खातो आणि सावकाश पचवतो. खाद्य चार वेळांत वाटले गेले की प्रत्येक वाटा इतका अपुरा पडतो की दांडगे मासे तो फस्त करतात आणि दुबळे मागेच राहतात. आपल्याकडील लहान-मोठेपण बहुधा यातूनच आले असावे. तेच खाद्य दोन वेळांत, एकाच कोपऱ्यात न ओतता लांबवर पसरून द्या.

मात्रा वजनावरून ठरवावी. आपल्या तळ्यात सुमारे ५०० किलो मासळी आहे. ३ टक्के दराने दिवसाला १५ किलो खाद्य होते. मासा वाढेल तसा हा दर उतरवत न्यावा लागतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्याने काही मासे काढून वजन करावेच. खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो, तेथे अंदाजाने चालू नये.

वेळ निवडताना पाण्यातील प्राणवायू पाहावा. तो पहाटे सर्वांत कमी असतो आणि ऊन चढल्यावर वाढतो. शिवाय खाल्ल्यानंतर पचनासाठी माशाला अधिक प्राणवायू लागतो. मी पहिल्या वर्षी सायंकाळी सातला खाद्य देत असे, आणि सकाळी फुगून पांढुरक्या झालेल्या खाद्याच्या गोळ्या काठाला लागलेल्या दिसत. पंगस वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे प्राणवायू घटला तरी लगेच मरत नाही, केवळ खाणे कमी करतो, आणि म्हणूनच दोष आपल्या ध्यानात उशिरा येतो. सकाळी नऊ आणि दुपारी चार या वेळा मला योग्य ठरल्या आहेत.

थंडीत पाणी २२ अंशांच्या खाली गेले की भूक झपाट्याने मंदावते; तेव्हा भर दुपारी एकदाच, तेही निम्मे द्यावे. वीस मिनिटांनंतर गोळ्या तरंगत राहिल्या, तर पुढच्या वेळी तेवढे खाद्य कमी करावे.