पायथनमध्ये आठ थ्रेड लावूनही स्क्रिप्ट फास्ट का होत नाही?

तुम्ही लिहिलंय की मूळ संख्या मोजणारी स्क्रिप्ट एका थ्रेडवर (थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणाऱ्या कामांपैकी एक) ४० सेकंद घेते आणि आठ थ्रेड लावले तरी तेवढाच वेळ, कोड चुकलाय का. नाही हो, कोड बरोबर आहे. नेहमीच्या पायथनमध्ये आत एक कुलूप असतं, जीआयएल (ग्लोबल इंटरप्रिटर लॉक) म्हणतात त्याला, ते ज्याच्या हातात तोच थ्रेड पायथनचा कोड चालवतो, बाकीचे सात ताटकळत. साधारण ५ मिलिसेकंदांनी पाळी बदलते म्हणून सगळे पळतायत असं वाटतं, पण आठ जण मिळून काम प्रोसेसरच्या एका कोअरइतकंच.

थ्रेड कामाला येतात ते वाट बघण्यात वेळ जातो तिथे, कारण नेटवर्कवरून उत्तर येईपर्यंत थ्रेड ते कुलूप सोडून देतो. मला एकदा ६०० पीडीएफ उतरवायच्या होत्या, एकेकीला अर्धा सेकंद म्हणजे ओळीने पाच मिनिटं, थ्रेडपूलएक्झिक्युटरमध्ये (कामं थ्रेडमध्ये वाटून देणारं पायथनचं साधन) १० वर्कर, म्हणजे थ्रेड, दिले तर अर्ध्या मिनिटात काम झालं. पण फोल्डरमध्ये फाइल्स ५८७, आणि स्क्रीनवर एरर एकही नाही! तासभर शोधल्यावर कळलं, सबमिट केलेल्या कामात एरर आला की तो फ्युचरच्या (त्या कामाची पावतीच म्हणा) आत जाऊन बसतो, तुम्ही रिझल्ट मागितल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि मी मागतच नव्हतो. तेव्हापासून प्रत्येक फ्युचरचा रिझल्ट मी ट्राय-एक्सेप्टमध्ये, म्हणजे एरर पकडणाऱ्या कोडमध्ये, घेतोच, तुम्हीपण घ्या.

तुमचं काम मात्र निव्वळ आकडेमोडीचं आहे, तिथे प्रोसेसपूलएक्झिक्युटर लावा, तो थ्रेडऐवजी वेगवेगळ्या प्रोसेसना काम वाटतो. प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा इंटरप्रिटर (पायथनचा कोड चालवणारा भाग), स्वतःचं कुलूप, त्यामुळे सगळे कोअर खरंच वापरले जातात. विंडोजवर असाल तर पूल सुरू करायचा कोड मेनवाल्या इफच्या (if __name__ == '__main__':) आतच ठेवा, नाहीतर एरर येईल. पायथन ३.१३ पासून जीआयएलशिवायचं वेगळं बिल्ड (तयार केलेलं रूप) मिळतं, ३.१४ मध्ये त्याला अधिकृत सपोर्टही आलाय, पण नेहमीसारखं इन्स्टॉल केलं तर कुलूपवालंच येतं.

आणि तपासायच्या संख्यांच्या रेंजचे बरोब्बर आठ तुकडे करू नका, मोठ्या संख्या तपासायला जास्त वेळ लागतो म्हणून शेवटचा तुकडा एकटाच रखडत बसेल. अगदी बारीक केले तर डेटा इकडून तिकडे पाठवण्यातच वेळ जाईल. लाख-लाखाचे करून बघा आणि किती सेकंद आले ते इथे टाका, कमी नाही झाले तर आपण परत बघू.