"बरं वाटतंय ना?" मधला तो "ना"

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आलाय. घरातल्या तरुण मुलाचं किंवा मुलीचं ऑपरेशन झालंय, भेटायला गेलो, काय बोलावं कळलं नाही, काहीतरी बोललो आणि ते पोर भिंतीकडे तोंड करून झोपलं. आता परत जाऊ की नको? काका विचारतात, आत्या विचारतात, एकदा तर आजोबा आले होते नातीसाठी. म्हणून एका मावशीची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय, नाव आणि ओळख पटेल असं काही देत नाहीये.

मावशी राहायला घणसोलीला, ट्रान्सहार्बरने ठाण्याला उतरून नौपाड्यात माझ्याकडे यायच्या. भाचा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. बरेच दिवस पोटात दुखायचं, बाहेरचं खाणं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, आणि एका रात्री आतडं फुटलं. आतड्याचा टीबी निघाला. इमर्जन्सी ऑपरेशन, आणि शुद्धीवर आला तेव्हा पोटावर पिशवी. आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवतात, शौच त्या पिशवीत जमा होते. बहुतेकदा तात्पुरती असते, काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून बंद करतात, टीबीच्या गोळ्या चालूच राहतात. पण १९ वर्षांच्या मुलाला "तात्पुरती" या शब्दाने त्या दिवशी काय होणार.

पहिल्या दिवशी मावशी माझ्यासमोर बसून रडल्याच. "मी रोज जाते हो मॅडम, लहानपणी माझ्याच अंगाखांद्यावर खेळलाय, आणि आता माझ्याकडे बघत पण नाही, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

मी म्हटलं, चुकलं की नाही ते नंतर बघू, आधी आत गेल्यापासून काय काय होतं ते सांगा.

तर असं. खाली गेटवर दोन शहाळी घेतली, वॉचमनने अडवली, हुज्जत घातली, शेवटी तिथेच ठेवून वर गेल्या (तो तेव्हा फक्त पाण्याच्या घोटांवर होता, शहाळं चालणारच नव्हतं, हे कोणी विचारलंच नव्हतं). वर बहिणीला विचारलं, काल झोपला का, गॅस सुटतोय का, पिशवीत किती आलं. तो तिथेच पडलेला, शेजारच्या बेडवरचे लोक ऐकतायत. मग मामांनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, "आपला वाघ बरा होतोय", त्यात नाकातली नळी दिसत होती. आणि मग मावशी बेडजवळ जाऊन विचारायच्या, "बरं वाटतंय ना रे?" तो म्हणायचा "हो". की संपलं.

"मी तर सगळं पॉझिटिव्हच बोलते," त्या म्हणाल्या.

दोन-तीन भेटी त्यांचं ऐकण्यातच गेल्या. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सना मानणारी आहे, इतकी वर्षं काम करून हे मत अजून पक्कं झालंय की माणसाला आधी कुणीतरी पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, सल्ल्याची वेळ नंतर येते. मावशींची भीती कुणी ऐकलीच नव्हती, त्यामुळे ती रोज त्यांच्याबरोबर वॉर्डात जात होती.

चौथ्या भेटीत मी त्यांना खुर्चीत मागे रेलून, डोळे अर्धे मिटून बसायला सांगितलं. मी त्यांच्या उशाशी उभी राहिले, पर्स खांद्याला तशीच, चपला पायात, जशा त्या उभ्या राहायच्या तशी. आणि वरून वाकून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"हो," त्या म्हणाल्या.

परत विचारलं, "दुखत नाही ना आता?"

"नाही."

"रात्री झोप लागली ना?"

"हो."

मग मी खाली बसले, त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीला, आणि विचारलं, "काल रात्री झोप कशी होती?"

त्या गप्प. बाहेर गोखले रोडवर हॉर्न वाजत होते, आम्ही दोघी तशाच बसलेल्या. मग म्हणाल्या, "झोपच नाही हो. दर तासाला उठून फोन बघते." आणि एकदम डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "मी आत्ता तुम्हाला खोटं सांगितलं."

"का सांगितलंत?"

"तुम्ही तसं विचारलंत. तुम्हाला हो हवं होतं."

मला अजून तो क्षण आठवला की अंगावर काटा येतो. मी काहीच समजावलं नव्हतं, "ना" वर बोट त्यांनी ठेवलं. त्या एका अक्षरात उत्तर आधीच भरलेलं असतं. पोटावर टाके असलेल्या मुलाने मावशीला धीर द्यायचा, आणि तो बिचारा रोज देत होता, "हो" म्हणून. त्याच्याकडे तेवढीच ताकद होती, मग भिंतीकडे वळायचा. मला वाटायचं मावशींना बोलायला शिकवायचंय, पण कमी करायचं होतं फक्त एक अक्षर, हे मला पण त्या दिवशीच कळलं.

दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या, पर्स खाली ठेवली, स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" तो बराच वेळ बोललाच नाही. हातात तो श्वासाचा व्यायाम करायचा तीन बॉलचा डबा होता, ओढला, एकच बॉल वर गेला आणि पडला. मग हळूच, "मावशी, माझा वास येतो का गं?"

आधीच्या मावशी "छे रे, काहीतरीच काय" म्हणाल्या असत्या. या वेळी म्हणाल्या, "हो, आत्ता थोडा येतोय. सिस्टरना बोलावू का?" सिस्टरनी बघितलं तर पिशवीची कड सुटून गळत होतं आणि खालची कातडी लाल होऊन जळत होती. लहान आतड्यातून येतं ते पातळ असतं, त्यात पाचकरस असतात, कातडी भाजते त्याने. सकाळपासून आग होत होती आणि तो सगळ्यांना "बरंय" सांगत होता. पिशवी बदलली, आणि मग तो रडला, मावशींचा हात धरून.

मावशी घाबरल्या, "मी रडवलं का त्याला?" हा पण नेहमीचा प्रश्न. पूर्वी ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना फार थोडा वेळ येऊ द्यायचे, कारण काय तर ते गेल्यावर मुलं रडतात, न आलेलीच बरी, मुलं शहाणी राहतात. तिथलेच मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी दाखवून दिलं की ते शहाणपण म्हणजे आतून मिटून जाणं आहे, आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या सरकारी अहवालाने भेटीवरची बंधनं काढा असं सांगितलं. १९ वर्षांचं पोर लहान नसतं, मान्य, पण आपल्या माणसासमोर बांध फुटतो हे कुठल्याही वयात खरं. तो चिडला, रडला, म्हणून जाणं बंद करू नका. "आज नको" म्हणाला तर मात्र मुकाट परत या आणि "उद्या विचारते" एवढंच म्हणा.

बाकी मी सगळ्यांना सांगते ते साधंच आहे. जायच्या आधी मेसेज करून त्यालाच विचारा येऊ का, काय आणू. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, हात धुऊन आत जा. बेडवर टेकू नका, विचारल्याशिवाय तर नाहीच, टाके ओढले जातात. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. त्याच्या शरीराबद्दल त्याच्या डोक्यावरून दुसऱ्याशी बोलू नका, अठरा पूर्ण आहेत, प्रश्न त्याला विचारा. फोटो त्याच्या परवानगीशिवाय काढायचाच नाही, मग ग्रुपवर टाकणं तर लांबच. आणि "आमच्या शेजारच्यांच्या मेव्हण्याला पण असंच झालं होतं" ही गोष्ट तर घरीच ठेवा. गप्प बसता आलं तर बसा, क्रिकेटचा स्कोअर बघा दोघांनी.

आणि त्याच्याजवळ जी आई बसलेली असते तिच्याकडे पण बघा. मावशींना पुढच्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला, मला मोबाईल पुढे करून दाखवला त्यांनी, "ये. शहाळं नको, चार्जर आण. आणि आईला खाली पाठव जेवायला." मावशी चार्जर घेऊन गेल्या, बहिणीचा पास स्वतःकडे घेतला आणि तिला कँटीनला पिटाळलं. ती पाऊण तासाने वर आली. वरणभात खाल्ला म्हणाली, सहा दिवसांनी पहिल्यांदा ताट पुढे घेऊन बसले.